वॅल्पो : पर्यवेक्षकाविना परीक्षा

शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइनची विजेवरची गाडी इंडियानात शिरते, तेव्हा खिडकीतून आधी गॅरीचे पोलाद कारखाने दिसतात, मग झाडी आणि वाळूचे डोंगर. ड्यून पार्कला उतरले. भाची गाडी घेऊन आली होती. "आत्या, जॅकेटची चेन लाव, तळ्यावरून वारा येतोय," हे तिचं स्वागत. तळं म्हणजे लेक मिशिगन, ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही! भाची हवामानशास्त्र शिकते, त्यामुळे तिच्याशी बोलणं वाऱ्यापासूनच सुरू होतं.

दादा-वहिनी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. पोरीने मोठी सरकारी विद्यापीठं सोडून वॅल्परेझो नावाच्या आडगावातलं ल्युथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) विद्यापीठ का निवडलं, हे मला बघायचं होतं. (गावाला आणि विद्यापीठालाही सगळे वॅल्पोच म्हणतात.) दादाने फोनवर सांगितलं होतं, "चर्चचं कॉलेज आहे, पण तसं नाही." हे 'तसं नाही' म्हणजे कसं, ते त्याला धड सांगता येईना.

आवाराच्या मधोमध चॅपल ऑफ द रिझरेक्शन. 1959 मध्ये अर्पण झालेलं, महाविद्यालयीन चॅपलमध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. वेदीच्या मागे छतापर्यंत गेलेल्या रंगीत काचा. सकाळच्या उन्हात तो निळा-लाल रंग जमिनीवर उतरतो तेव्हा भाविक नसलेलं माणूसही दोन मिनिटं बसतं. मी बसले. ऑर्गनवर कोणीतरी बाख वाजवत होतं. ल्युथरन घरात या जर्मन संगीतकाराचं प्रस्थ मोठं, इथे त्याच्या नावाची संस्थाच आहे. कामाच्या दिवशी सकाळी प्रार्थनेची वेळ असते आणि तेवढ्या वेळात वर्ग ठेवत नाहीत. जायलाच हवं असं मात्र नाही. भाची त्या वेळात कॉफी पिते, तिची खोलीतली मैत्रीण प्रार्थनेला जाते. दोघींचं उत्तम जमतं. धर्मशास्त्राचे काही तास मात्र अभ्यासक्रमात सगळ्यांनाच आहेत. विद्यापीठ ल्युथरन असलं तरी कोणत्याही सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या संघटनेच्या, मालकीचं नाही, स्वतंत्र आहे. दादाचं 'तसं नाही' बहुधा हेच.

खरं सांगते, मला चॅपलपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने पकडलं. सहामाही परीक्षा चालू होत्या. भाची पेपर देऊन आली, तेव्हा मी सवयीने विचारलं, "पर्यवेक्षक कडक होते का?" ती म्हणाली, "कोण? सर पेपर वाटून गेले की त्यांच्या केबिनमध्ये."

माझी नोकरी साताऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात झाली. बारावीच्या हॉलमध्ये फेऱ्या मारण्यात हयात गेली. भरारी पथक, खिडकीबाहेर झाडावर चढलेले मित्रवर्य, कंपासपेटीच्या तळाशी चिकटवलेली चिठ्ठी, सगळं पाहिलंय. त्यामुळे हे प्रकरण मी तिला नीट उलगडून विचारलं. इथे 1943 पासून सन्मानसंहिता आहे आणि ती विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने आली. उत्तरपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहून सही करायची : मी अनधिकृत मदत दिलेली नाही, घेतलेली नाही आणि इतरांनी घेतलेली खपवूनही घेतलेली नाही. तक्रार झाली तर विद्यार्थ्यांचंच मंडळ तिची सुनावणी करतं.

पहिले दोन भाग आपल्याकडच्या कुठल्याही हमीपत्रात सापडतील. खरी मेख तिसऱ्यात आहे. शेजारच्याने कॉपी केली आणि मी बघून गप्प बसले, तर माझी सहीसुद्धा खोटी. "मग मैत्रिणीचं नाव सांगशील?" मी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. "आधी तिलाच सांगेन, स्वतःहून जाऊन सांग म्हणून," एवढंच म्हणाली. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. इथे कॉपी होतच नाही, असं काही मी म्हणणार नाही, एवढी भाबडी नाही मी. पण एकदा पर्यवेक्षक काढून घेतला की पोरांना आपापसात काहीतरी ठरवावंच लागतं.

क्राइस्ट कॉलेज हे इथलं ऑनर्स कॉलेज, म्हणजे हुशार मुलांसाठीचा खास विभाग, 1967 चं. त्याची मुलं पहिल्याच सत्रात जाडजूड ग्रंथ वाचतात आणि एक संगीत नाटक स्वतः लिहून, चाली लावून रंगमंचावर आणतात. नंतर जाहीर वादविवादही असतात. भाचीचा एक मित्र तिथला. नाटकाच्या दिवसांत माणूस झोपतो कधी, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

तिचा स्वतःचा विभाग बघायला गेलो. इमारतीशेजारी मनोऱ्यावर पावसा-वाऱ्याचा वेध घेणाऱ्या डॉपलर रडारचा पांढरा गोल. पोरं फुगा सोडायच्या तयारीत होती. एकाने तोंड धरलं होतं, दुसरी नळी सांभाळत होती, फुगा वाऱ्याने जमिनीलगत लोळत होता. खाली दोरीला छोटा यंत्रडबा. "सोड!" म्हणताच तो तिरका वर गेला आणि पोरं दुसऱ्या क्षणी आत पळाली, कारण आकडे संगणकावर यायला लागले होते. उन्हाळ्यात इथले विद्यार्थी वादळांच्या मागावर मैदानी राज्यांत जातात. हे वहिनीला अजून नीट सांगितलेलं नाही, तेव्हा मीही गप्प.

विद्यापीठाचा इतिहास सरळ नाही. 1859 मध्ये मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी काढलं, मुलामुलींसाठी एकत्र. यादवी युद्धानंतर 1871 ला बंद पडलं. 1873 ला हेन्री बेकर ब्राउन यांनी पुन्हा उभं केलं आणि खर्च इतका कमी ठेवला की लोक 'गरिबाचं हार्वर्ड' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा दिवाळं. 1923 मध्ये तर ते विकत घ्यायला कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना पुढे आली होती! तो व्यवहार फिसकटला आणि 1925 मध्ये ल्युथरनांनी घेतलं. अभियांत्रिकीची मुलं त्या काळी दोन वर्षांनी दुसरीकडे जायची. चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा तर प्रयोगशाळा हवी, आणि पैसे नाहीत. तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांनी स्वतः विटा रचून इमारत बांधली.

क्लानचा विषय इथे पुरता संपलेला नव्हता. खेळाडूंच्या संघाचं नाव 'क्रुसेडर्स', म्हणजे धर्मयोद्धे, होतं. क्लानच्या मुखपत्राचंही नाव तेच. 2021 मध्ये विद्यापीठाने ते टाकलं आणि 'बीकन्स' घेतलं, म्हणजे दीपस्तंभ. ब्रीदवाक्यही प्रकाशाचंच, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं : तुझ्या प्रकाशात आम्ही प्रकाश पाहतो. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना हा बदल रुचला नाही, टी-शर्ट जुनेच घालतात.

मला खरी हौस होती ती विद्यापीठाच्या ब्रॉवर कलासंग्रहालयाची. पण 2024 मध्येच त्याला कुलूप लागलं आणि मी गेले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. झालं असं, की 2023 मध्ये विद्यापीठाने तीन चित्रं विकायची ठरवली. जॉर्जिया ओकीफचं 'रस्ट रेड हिल्स', शिवाय फ्रेडरिक चर्च आणि चाइल्ड हॅसम या चित्रकारांचं एकेक. पैसा पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांच्या दुरुस्तीसाठी. ओकीफचं चित्र 1962 मध्ये काही हजार डॉलरला घेतलेलं, आता किंमत कोटी डॉलरच्या वर. संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते निवृत्त प्राध्यापक रिचर्ड ब्रॉवर, नव्वदी ओलांडलेले, विरोधात उभे राहिले आणि प्रकरण कोर्टात गेलं. विद्यार्थिसंख्या घटल्याने छोट्या कॉलेजांचे हाल अमेरिकेत सगळीकडे आहेत. इथलं लॉ स्कूल 1879 चं, तेही 2020 मध्ये बंद झालं.

रात्री नेपरव्हिलला जेवताना यावरून जुंपली. दादा म्हणे, राहायला खोल्याच धड नसतील तर मुलं येतील कशाला, आणि मुलंच नसतील तर चित्रं बघणार कोण? मी म्हटलं, शिकवण्यासाठी म्हणून घेतलेली वस्तू विकून पलंग आणणं म्हणजे शाळेने ग्रंथालय विकून बाकं घेणं. वहिनीने आमटी वाढता वाढता दादाची बाजू घेतली. शेवटी भाचीला विचारलं.

"तुम्ही तिघंही त्या वसतिगृहात राहिलेले नाही आहात," ती म्हणाली. "आणि आत्या, मी पहिल्या वर्षी ते चित्र बघायला दोनदा गेले होते." मग भात मागितला.