शाळा बंद, कॉयर चालू

मलावीच्या उत्तर भागात, म्झिंबा जिल्ह्यात आम्ही राहायला आलो तेव्हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "दुकान कुठे टाकणार?" त्यात त्यांचं काही चुकलं नाही. या देशात भारतीय माणूस म्हटलं की कापडाचं, हार्डवेअरचं नाहीतर किराणा मालाचं दुकान, आणि मिशनरी म्हटलं की गोरा. नगरकडचं मराठी ख्रिस्ती जोडपं, त्यात बायको मुलांची डॉक्टर, नवरा मेकॅनिक आणि सोबत दोन वेण्या घातलेली लेक, हे कुणालाच नीट उमगेना. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना मात्र नवल वाटलं नाही. स्कॉटिश लोकांचं लिव्हिंगस्टोनिया मिशन १८७५ साली मलावी सरोवराकाठी आलं आणि दुसऱ्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या लव्हडेलहून खोसा जमातीचे चार काळे सुवार्तिक त्यांना येऊन मिळाले. त्यांतल्या विल्यम कोयीची बोली इथल्या न्गोनी लोकांच्या बोलीला जवळची होती, त्यामुळे गोऱ्यांना जमेना ते त्याला जमलं. १८८६ मध्ये तो इथेच वारला. तेव्हा परमुलखातून आलेला काळा-सावळा मिशनरी इथे नवा नाही.

आणि मिशन सरोवरावरून वर डोंगराकडे सरकत गेलं त्याचं मोठं कारण मलेरिया. पहिल्या ठाण्यावर, केप मॅक्लिअरला, मिशनच्या माणसांच्या कबरी आहेत. दीडशे वर्षं झाली, आमच्या मिशन इस्पितळाच्या वॉर्डात अजून तोच पाहुणा मुक्कामाला असतो.

सांगायचं आहे ते २०२२ च्या नाताळानंतरच्या एका दिवसाबद्दल.

आमची सकाळ साडेसातच्या प्रार्थनेने सुरू होते. एक गाणं, एक वचन, मग रात्रपाळीच्या नर्सचा रिपोर्ट: नवे किती, गेले किती, ऑक्सिजनवर कोण, रक्त किती. स्टाफरूममध्ये माझ्या करंज्यांचा डबा अजून अर्धा शिल्लक होता (इथे त्यांना गोड समोसे समजतात, मी वाद घालत नाही). त्या दिवशीच्या रिपोर्टचं शेवटचं वाक्य होतं, फ्रिजमध्ये रक्ताची एकच पिशवी आहे, बी पॉझिटिव्ह.

नाताळात हे व्हायचंच. मलावीत रक्त देणारी बरीचशी मंडळी म्हणजे माध्यमिक शाळांतली मुलं. रक्तसेवेची गाडी शाळेत जाते, वर्गच्या वर्ग रांगेत उभे राहतात. शाळेला सुट्टी लागली की रक्त आटतं, आणि पावसाचे, डासांचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. घरातला मका संपत आलेला असतो, नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही, म्हणजे नातेवाइकांच्या अंगातही रक्त कमीच. त्या वर्षी भरीला कॉलरा होता. परकीय चलन नाही म्हणून पंपांवर डिझेल नव्हतं. जानेवारीतल्या ॲना वादळाने कापिचिराचं जलविद्युत केंद्र मोडलं होतं, देशाची जवळजवळ तिसरा हिस्सा वीज तेव्हापासून बंदच होती.

दहाच्या सुमाराला एक बाप सायकलच्या कॅरियरवर तीन वर्षांच्या मुलाला चितेंजेने, म्हणजे बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाने, स्वतःच्या पाठीशी बांधून घेऊन आला. आई, मामा आणि आजी मागून चालत येत होते. मुलाच्या तळहातावर, पापणीच्या आत, जिभेवर, कुठेच लाली नव्हती. श्वास खोल आणि भराभर. रक्तात आम्ल साठलं की शरीर असा श्वास घेतं. हिमोग्लोबिन २.८. साखर ३६. मलेरियाच्या पट्टीवर दुसरी रेघ बघता बघता उमटली.

मुलांच्या वॉर्डाचा खरा मालक आमचा क्लिनिकल ऑफिसर आहे. मलावीत डॉक्टर थोडे, म्हणून तीन वर्षांचा डिप्लोमा आणि एक वर्षाची इंटर्नशिप केलेली ही माणसं देशातली बहुतेक सिझेरियनसुद्धा करतात. मी स्टेथोस्कोप लावते न लावते तोच त्याने सुई घातली होती. दहा टक्के ग्लुकोज दिलं, मलेरियावरचं आर्टेसुनेट दिलं, वीस किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे तीन मिलिग्रॅम. सलाइनचा मारा मात्र नाही. आम्ही शिकलो तेव्हा हातपाय गार, नाडी धावती म्हटलं की घाईने सलाइन सोडायचं, हे डोक्यात पक्कं बसवलं होतं. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांवर मुलांवरच्या फीस्ट चाचणीने दाखवलं की अशा घाईने मृत्यू वाढतात. हात शिवशिवतात, पण थांबायचं. या मुलाला पाणी नको होतं, रक्त हवं होतं, आणि तेही ओ गटाचं.

बापाने बाही वर केली. त्याच्या स्वतःच्या रक्तात मलेरिया निघाला. आई सात महिन्यांची गरोदर. मामा ए गटाचा. क्लिनिकल ऑफिसर ओ आहे, पण त्याने नोव्हेंबरात दिलेलं. माझा नवरा ओ आहे, पण तो मलेरियाचे उपचार घेऊन नुकताच बरा झालेला. मी बी गटाची.

तेव्हा आमचा लॅबवाला हातमोजे काढत म्हणाला, "शाळा बंद आहे, मुलं थोडीच बंद आहेत? ती चर्चमध्ये बसलीत." नववर्षाच्या उपासनेसाठी कॉयरची, म्हणजे चर्चच्या गायनवृंदाची, तालीम चालली होती, आणि कॉयरमध्ये निम्मी पोरं-पोरी सुट्टीला घरी आलेली. शाळेत दर सत्राला रक्त देणारी हीच ती मुलं. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तो तसाच निघाला.

पुढचं मला लेकीने सांगितलं, कारण ती तालमीला होती. लॅबवाल्याने गाणं मध्येच थांबवलं तेव्हा कॉयरमास्तर चिडला. मग मुलाची हकिगत ऐकून गप्प झाला आणि स्वतःच पहिला उठला. मागच्या बाकावरच्या एका आईने मात्र आपल्या मुलाचा हात धरून ठेवला. तिला हसू नये. २०१७ मध्ये दक्षिण मलावीत रक्त पिणाऱ्यांची अफवा पसरली आणि जमावांनी माणसं ठार मारली. रक्त काढणारा मनुष्य अचानक दारात येणं ही इथे साधी गोष्ट नाही. लॅबवाला याच गावचा, त्याचा बाप याच चर्चच्या कारभारी वडीलमंडळात होता, म्हणून त्याच्या शब्दावर आठ-नऊ जण चालत आले. मी गेले असते तर किती आले असते कोण जाणे.

इकडे वीज गेली.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतो, पण त्याला वीज लागते. वीज गेली की तो कोपऱ्यात ठेवलेला खोका. एका यंत्रावर तीन मुलं होती. सिलिंडर होता, तोही शेवटाला आलेला. जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरसाठी, असा डिझेल टंचाईतला नियम. मी निरोप पाठवायच्या आत नवरा मागच्या दाराने आत आला, हात तेलाने माखलेले.

"अहो, किती वेळ चालेल?"

"सुटे भाग नाहीत म्हणून उभी असलेली ॲम्ब्युलन्स आहे ना, तिच्या टाकीतलं काढलंय. क्वार्टर्सची लाइन तोडली, लाँड्री तोडली. थिएटर आणि तुझा वॉर्ड, संध्याकाळपर्यंत."

"आपल्या फ्रिजमधली मासळी?"

"ती गेली," एवढं बोलून तो परत गेला.

मिशनच्या पत्रकात आमचा परिचय छापतात तेव्हा आधी डॉक्टर, मग "आणि त्यांचे पती". त्या दुपारी वॉर्डातल्या तीन मुलांचा श्वास त्या "आणि" नंतरच्या माणसावर चालला होता. हे मी पत्रकवाल्यांना दोनदा लिहिलं आहे. परिचय अजून तसाच छापतात.

लॅबमध्ये एकेकाचा गट, हिमोग्लोबिन, मग एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. कॉयरमास्तर ए निघाला आणि जरा हिरमुसलाच. ओ दोघे: एका मुलाचं हिमोग्लोबिन कमी, दुसरी सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीत गाणारी, बारावीच्या वयाची मुलगी, सगळ्या तपासण्यांत पास. ती खाटेवर पडली आणि माझी लेक तिच्याशी चितुम्बुकात, इथल्या तुम्बुका लोकांच्या भाषेत, काय बोलत होती कुणास ठाऊक, दोघी हसत होत्या.

अकरा किलोचं मूल, अंगात ताप, म्हणून किलोमागे वीस मिलिलिटर, म्हणजे दोनशे वीस. ताप नसता तर किलोमागे तीस दिलं असतं. युगांडा आणि मलावीतल्याच मुलांवर झालेल्या ट्रॅक्ट चाचणीचा २०१९ चा हा निष्कर्ष. या दोन आकड्यांमागे कम्पाला आणि ब्लँटायरच्या वॉर्डांतली कष्टाची वर्षं आहेत. आफ्रिकेत औषधशास्त्र बाहेरून येतं असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

रक्त सुरू झालं तसं मुलाची आजी उठून नातेवाइकांच्या स्वयंपाकाच्या शेडकडे गेली. आमच्या इस्पितळात रोग्याचं जेवण घरची माणसं रांधतात, त्याच चुलींवर. ओल्या लाकडाशी तिचं बराच वेळ भांडण चाललं. परत आली ती न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चवळीच्या पानांची भाजी घेऊन. नातवासाठी नव्हे, सोप्रानोवाल्या मुलीसाठी. पोरीने नियमाप्रमाणे सरबत आधीच घेतलं होतं, तरी सगळं खाल्लं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. घरातला शेवटचा मका असावा तो.

तीन-साडेतीन तासांनी मुलाचा श्वास उथळ आणि संथ झाला, पाय कोमट लागले. संध्याकाळी त्याने आजीला हाक मारली. त्याच संध्याकाळी खिडकीजवळच्या खाटेवरची मुलगी गेली. तिचा मलेरिया मेंदूत होता, आदल्या रात्रीपासून ती शुद्धीवर नव्हती. तिला ना रक्त कमी होतं, ना ऑक्सिजन. क्लिनिकल ऑफिसरने तिच्या आईजवळ बसून प्रार्थना केली, मी नुसती उभी राहिले. तुम्बुका बायका दुःखात आवाज मोठा करतात, आणि त्या आवाजात मला अजून काही बोलता येत नाही.

घरी अंधार होता. मासळीचा वास यायला लागला होता म्हणून नवऱ्याने ती सगळी एकदम तळून टाकली. शेजारच्या दोन घरांतली पोरं आमच्या ओट्यावर बसून खात होती. लेक मेणबत्तीपाशी बसून कॉयरच्या वहीत काहीतरी लिहीत होती. बघितलं तर नावांसमोर ए, बी, ओ. लॅबवाल्याने तिला कामाला लावलं होतं: पुढच्या सुट्टीआधी अख्ख्या कॉयरची यादी हवी, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, आणि रक्तगट.

कॉयरमास्तर तयार झाला, पण फुकट नाही. त्यांच्या कीबोर्डचा ॲम्प्लिफायर ईस्टरपासून बंद पडला होता, तो माझ्या नवऱ्याने दुरुस्त करून द्यायचा. त्याने दिला. तेव्हापासून रविवारी आम्हाला घरात बसूनही उपासना ऐकू येते, आणि ॲम्प्लिफायरचा आवाज जरा कमी करा असं सांगायला माझा नवरा काही केल्या तयार होत नाही.