ब्रॅकेट जाड केलं की सुटलं, असं नसतंय

मागच्या आठवड्यात वाळूजला आमच्या शॉपमधी शेकरवरून, म्हणजे पार्ट थरथरवून तपासायच्या मशीनवरून, एक ब्रॅकेट उतरवलं, लाल डाय मारला, पुसला, वरून पांढरा डेव्हलपर फवारला आणि थोड्या वेळात बेंडच्या आतल्या अंगाला केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा. विमानाच्या इंजिनावर एक सेन्सरचा डबा धरून ठेवायचा एवढंच त्याचं काम, ३ मिलिमीटरचा पत्रा, पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

लोकांना वाटतं इंजिनात जपायचं ते ब्लेडला. पण इंजिनाच्या अंगावर बाहेरून जे बसवलेलं असतं, इंधनाचे पाइप, कनेक्टर, सेन्सर, त्यांचे हाल लई असतात. सीटपर्यंत येईस्तोवर थरथर बरीच मरते, यांना ती थेट बसते. अंदाजासाठी बोइंग ७३७ चं सीएफएम५६-७बी इंजिन घ्या, त्याचा हाय प्रेशर रोटर (आतला जास्त वेगानं फिरणारा भाग, त्याला एन-२ म्हणतात) १०० टक्क्याला १४,४६० आरपीएमनं फिरतो. ६० नं भागा, सेकंदाला २४१ हिसके. १ कोटी हिसके साडेअकरा तासांत पुरे होतात. आमच्या विहिरीवरच्या १५०० आरपीएमच्या डिझेल इंजिनाला तेवढ्यालाच १११ तास लागतील.

तर मीटिंगमधी सगळ्यांचं एकच, पत्रा ४ चा करा. मी अडून बसलो. ब्रॅकेटची स्वतःची फ्रिक्वेन्सी, म्हणजे टिचकी मारली की ते आपोआप ज्या तालात हलतं तो ताल, १५० हर्ट्झ (सेकंदाला १५० वेळा) होती. इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं हळू चालू ठेवलेलं असताना, एन-२ चे हिसकेही त्याच्या आसपास असतात, दोन्ही ताल जुळले, तिथं ते नाचलं आणि तुटलं. आता ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो आणि फ्रिक्वेन्सी ताठपणाच्या वर्गमुळानं, डब्याचं वजन तेवढंच, म्हणून ३ चा ४ केला की १५० चे २३० होतात. आणि क्रूझला, म्हणजे वर गेल्यावर विमान एकसारखं उडत असताना, एन-२ कुठं बसतो? तिथंच, २२०-२३० च्या पट्ट्यात, तेही तासन्‌तास! म्हणजे आयडलचा त्रास उचलून आपणच क्रूझमधी नेऊन ठेवला असता, वर वजन वाढवून. हे कागदावर मांडून दाखवलं तवा कुठं सगळे गप्प झाले.

मला हे गणित कॉलेजात कळालं, पण खरं पटलं ते घरी. अंबडकडं आमच्या शेतात डिझेल इंजिनाचा बारका पाइप दर हंगामाला नटापाशीच तुटायचा. मिस्त्रीनं जाड पाइप टाकला, तोही तुटला. मग दादांनी (आम्ही वडलांना दादा म्हणतो) पाइपाला मधोमध सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि पट्टीनं इंजिनाच्या बॉडीला आवळला. म्हणले, "त्याला लोंबकळू देऊ नको, मंग कशाला तुटतंय." त्याच्यानंतर तो पाइप कितीतरी हंगाम चालला. विमानाच्या इंजिनावर पाइपांना जागोजागी रबर लावलेले पी-क्लॅम्प असतात ना, काम तेच, आधारांमधलं अंतर कमी करायचं आणि थरथर रबरात जिरवायची.

ब्रॅकेटलाही शेवटी तेच केलं. डबा बोल्टच्या जवळ ओढला, ६० मिलिमीटरचा हात ४० वर आणला, बेंडमधी एक तिरकी फासळी दिली, आतली त्रिज्या वाढवली. पत्रा ३ चाच ठेवला. काल स्वीप घेतला (शेकरचा ताल हळूहळू वाढवत नेला), पहिला पीक, म्हणजे ब्रॅकेट जिथं जोरात नाचतं तो ताल, ३२० हर्ट्झला आला, एन-२ च्या बराच वर. आता एन्ड्युरन्स, म्हणजे तासन्‌तास थरथरवायची चाचणी, चालू आहे, उद्या दुपारी उतरवायचंय आणि डाय मी स्वतः मारणार आहे.