काळीज झाडावर राहिलं

आमच्या छापील कार्यक्रमात जॉन्जूच्या दिवसापुढे एक ओळ आहे: 'संध्याकाळी कोरियन ऑपेरा, एक तास.' गेल्या एप्रिलपासून ही ओळ मला टोचते आहे. तिथे ऐकायची असते ती पान्सोरी, गाऊन कथा सांगण्याची कोरियातली जुनी कला. ऑफिसला तीनदा कळवलं, ओळ तशीच आहे.

जॉन्जूत टूर लीडरचा दिवस दोन गोष्टींत जातो, जेवण आणि गुडघे. इथलं बिबिमबाप, म्हणजे वर भाज्या वगैरे घालून कालवायचा भात, प्रसिद्ध, पण पारंपरिक पद्धतीत त्याचा भातच गोहाडांच्या रश्श्यात शिजवतात, वर कच्चं मांस असतं, काही ठिकाणी गोचुजांग या मिरचीच्या सॉसमध्येही खिमा परतलेला असतो. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण रस्सा म्हणजे मांस असं स्वयंपाकघरात कुणी धरत नाही. म्हणून आदल्या दिवशीच कोरियनमध्ये लिहून पाठवते: भात साध्या पाण्यात, सॉस वेगळा, किमची नको, अंड्याची ताटं इतकी. गुडघ्यांचं असं, की जुन्या कौलारू वस्तीतल्या छोट्या थिएटरांत बूट काढून जमिनीवर बसायचं असतं. खुर्च्या मागून घ्याव्या लागतात आणि त्या मागच्या भिंतीला लावतात. त्या एप्रिलच्या ग्रुपमध्ये चोवीस जणांत मी नऊ खुर्च्या सांगितल्या होत्या.

बसमध्ये मी नेहमीच्या सूचना दिल्या. मोबाइल बंद, बोलायचं नाही, टाळ्या शेवटी. माणसं शहाणी, ऐकणारी. 'ऑपेरा' म्हटल्यावर दोघी तर पैठणी नेसून आल्या होत्या.

पान्सोरीला ऑपेरा म्हणणं मुळातच चुकीचं आहे. तिथे ना वाद्यवृंद, ना पात्रं. एक चटई, मागे घडीचा पडदा, एक गाणारी, एक ढोलकवाला. गाणारीच्या हातात पंखा. गाते ती सोरी, मध्ये गद्यात सांगते ती आनिरी, पंख्याने आणि अंगाने दाखवते ते बाल्लिम. एक माणूस उभा राहून सगळी पात्रं करतो, कथा सांगता सांगता गाऊ लागतो, पुन्हा बोलण्यावर येतो. कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजावता येतं. पूर्वी बारा कथा होत्या, आज पाच गायल्या जातात. सगळ्यात मोठी अख्खी गायची तर आठ तासही लागतात. युनेस्कोने 2003 मध्ये पान्सोरीचा गौरव केला, तेव्हापासून पर्यटनाच्या पत्रकांत ती आली. आली ती मात्र 'ऑपेरा' होऊन.

ढोलकवाल्याला गोसू म्हणतात. 'पहिला गोसू, दुसरी गायकी' अशी तिकडे म्हणच आहे. तो मांडी घालून गाणारीकडे तोंड करून बसतो. ढोल आडवा, दोन्ही तोंडांना गाईचं कातडं. डाव्या तोंडावर उघडा तळवा, उजव्या हातात आखूड जाड काठी. काठी कधी उजव्या कातड्यावर पडते, कधी ढोलाच्या लाकडी अंगावर वरून ठक्क. बारा मात्रांच्या जुंगमोरी तालात ही लाकडावरची जोरकस ठक्क नवव्या मात्रेवर येते. पहिल्या तीन मात्रांत वाक्य पुढे ढकलायचं, पुढच्या तीनांत टांगायचं, मग गाठ मारायची, शेवटच्या तीनांत सोडायची. गाठ बसते ती नवव्यावर. आपला कान समेची वाट बघत असतो, त्यामुळे आपली दाद पहिल्या मात्रेवर जाते आणि तिथे काहीच घडलेलं नसतं.

गोसूचं दुसरं काम आवाज देण्याचं. 'ऑल्शिगू!', 'चोथा!' म्हणजे छान, 'जाल्हांदा!' म्हणजे मस्त चाललंय. याला छुइमसे म्हणतात. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' करून शाहिराला उचलतात, त्याच जातीचं हे काम आहे. फरक इतकाच, की इथे झीलकरी प्रेक्षकांतही बसलेले असतात. प्रेक्षक गप्प राहिले तर गाणाऱ्याला वाटतं, कथा पोचत नाही.

त्या दिवशी गाणारीने सुरुवातीलाच हे शब्द सगळ्यांकडून म्हणवून घेतले. दहा-बारा स्थानिक माणसांनी जोरात म्हटले. मी आमच्या लोकांना भाषांतर करून सांगितलं. चोवीस जण सौजन्याने हसले आणि गप्प बसले. बसमधला हुकूम ताजा होता.

कथा होती सुगुंगगा, म्हणजे समुद्रतळच्या महालाची. दक्षिण समुद्राचा नागराजा आजारी पडतो, औषध काय तर सशाचं यकृत. ते आणायला कासव सशाचं चित्र घेऊन जमिनीवर जातं. गाणं सुरू झाल्यावर मागून कुजबुज आली, "ताई, घसा बसलाय का हो यांचा?" हे दरवेळी येतं. पान्सोरीत फाटलेला, खरखरीत आवाज मुद्दाम कमावतात. धबधब्याशेजारी बसून पाण्यावर आवाज चढेपर्यंत रियाज करण्याची परंपरा आहे. गोड, स्वच्छ गळा तिथे अपुरा मानतात. हे बसमध्ये सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या सवलतीवर घालवली होती, कारण तिथला थांबा ऑफिसला हवा असतो.

मग वाघ उतरला. पोहून पोहून कासवाचा जबडा आखडतो. ते सशाला 'थो' म्हणून हाक मारायला जातं आणि तोंडातून 'हो' निघतं. थो म्हणजे ससा, हो म्हणजे वाघ. हाक ऐकून डोंगरावरून वाघ खाली येतो. 2020 मध्ये कोरियाच्या पर्यटन जाहिरातीत हेच गाणं नव्या साजात होतं, त्यामुळे ग्रुपमधल्या दोन मुली ताठ झाल्या. हा तुकडा ऑन्मोरी तालात असतो, दहा मात्रा, तीन-दोन-तीन-दोन. पहिल्या रांगेत एक काका होते, तरुणपणी तबला शिकलेले. त्यांची बोटं मांडीवर मोजत होती, अडखळत होती, पुन्हा मोजत होती. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अहो, हा झपतालच की, फक्त उलटा मांडलाय." झपताल दोन-तीन-दोन-तीन. बरोबर होतं त्यांचं. इतकी वर्षं मी हा तुकडा ऐकते आहे, मला सुचलं नव्हतं.

आणि तरीही कुणाच्या तोंडून आवाज नाही. गाणारी आमच्या बाजूला बघायची, पंखा फाडकन उघडायची, अर्धा क्षण थांबायची. ती जागा दादेसाठीच ठेवलेली असते. गोसू एकटाच ती भरत होता.

ससा भुलून समुद्रतळी जातो. राजा म्हणतो, पोट फाडा. आता गाणारीने मिटलेला पंखा स्वतःच्या पोटावर ठेवला, नकारार्थी मान हलवली आणि पंखा उचलून वर, लांब, डोंगराकडे धरला. मागच्या भिंतीकडून, खुर्चीवरून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींचा खणखणीत आवाज आला, "अगं, काळीज झाडावर ठेवलंय म्हणतोय तो! आपल्या माकडाची गोष्ट आहे ही!"

मी गार. गोसूची काठी लाकडावर पडली आणि तो ओरडला, "ऑल्शिगू!" गाणारीने आजींकडे तोंड करून तीच खूण पुन्हा केली, पोट, नकार, डोंगर. आणि चोवीस माणसं एकदम सुटली. "वा!" "क्या बात है!" मागच्या अर्ध्या तासाची सगळी दाद तेव्हा बाहेर पडली.

लगेच चुकायलाही लागलं, ते सांगायला हवं. शेवटच्या जलद तुकड्यात दोन-तीन जणांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या, भजनाला धरतात तशा. पान्सोरीत त्याने घात होतो. गोसू ठेका सरळ देत नाही, गाणारीच्या श्वासाप्रमाणे तो किंचित मागेपुढे होतो. त्या टाळ्यांखाली त्याचा डावा हात ऐकूच येईना आणि गाणारीला जागा मिळेना. छुइमसे वाक्य संपल्यावरच्या फटीत टाकायची असते, शब्दावर नाही, आणि टाळ्यांनी तर नाहीच. मी हाताने थांबवलं, तोवर अर्धा तुकडा गेला होता.

बाहेर बूट घालताना आजींनी विचारलं, "ही आपली गोष्ट इकडे कुणी आणली गं?" मला माहीत होतं ते सांगितलं. माकड आणि मगरीची गोष्ट जातकांत आहे, पंचतंत्रात आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चिनी भाषेत गेली, तिथून कोरियात. 1145 च्या कोरियन इतिहासग्रंथात ती सापडते: 642 मध्ये शत्रूच्या कैदेत पडलेल्या किम छुन्छू या दूताला तिथलाच एक अधिकारी ही ससा-कासवाची गोष्ट ऐकवतो, छुन्छू त्यातला इशारा ओळखतो आणि सशासारखीच थाप मारून सुटतो. वाटेत माकडाचा ससा झाला, मगरीचं कासव, हृदयाचं यकृत. आजी म्हणाल्या, "यकृत म्हणजे काळीजच की. खाटकाकडे काय मागतात?" कोरियनमध्येही धाडसी माणसाचं यकृत मोठं असतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग झालं तर."

त्यानंतर दोन ग्रुप नेले. पहिल्याला बसमध्ये सगळं सांगितलं, कीर्तन, झीलकरी, नववी मात्रा, फाटका आवाज, आणि माकडाची गोष्टही. त्यांनी 'ऑल्शिगू' नेमक्या जागी दिलं, गाणारी खूश झाली. पण पंखा डोंगराकडे गेला तेव्हा कुणी खुर्चीवरून ओरडलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांदा गोष्ट राखून ठेवली, तर त्या दिवशी वाघाचाच तुकडा गायला आणि गोष्ट तिथेच संपली. एका तासात काय गायचं हे गाणारी त्या दिवशीची माणसं बघून ठरवते.

पुढचा ग्रुप ऑक्टोबरात आहे. पत्रकातल्या 'ऑपेरा'वर मी हाताने काट मारणार, चोवीसच्या चोवीस प्रतींवर. थो आणि हो सांगणार, टाळ्यांचं सांगणार. काळजाचं सांगायचं की नाही, अजून ठरत नाही.