तुम्ही विचारलंत म्हणून : प्रदर्शनासाठी दागिन्यांची पेटी कशी घ्यावी?

प्रदर्शनात माझे दागिने पाहून झाल्यावर काही जणी पेटीवर हात ठेवून विचारतात, "ताई, ही पेटी कुठून घेतलीत? आम्हीही घरी दागिने करतो, पण मांडायला काय घ्यावं तेच कळत नाही." गर्दीत दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मोत्यांच्या नथी, ठुश्या आणि चांदीच्या कुड्या करते. पहिली पेटी करून घेताना सराफाच्या दुकानातली मांडणी माझ्या डोळ्यांसमोर होती : 3 फूट लांब, दीड फूट रुंद, 1 फूट उंच, समोर, वर आणि दोन्ही कडांना 5 मिलिमीटर जाडीची काच. दिसायला ती देखणी होती. परंतु अशा काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे साडेबारा किलो भरते, म्हणजे नुसती काचच 12 किलोच्या आसपास होती, आणि प्लायवूडचा तळ व चौकट वेगळी. लिफ्ट नसलेल्या सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर ती चढवताना जिन्याच्या वळणावर कोपरा भिंतीला लागला, दर्शनी काचेला तडा गेला, आणि तो संपूर्ण दिवस मी चिकटपट्टी लावलेल्या काचेमागे बसून काढला. तेव्हापासून माझी पहिली परीक्षा वजनाची असते. दागिने भरलेली पेटी एका हातात धरून दोन जिने चढता आले पाहिजेत, कारण दुसऱ्या हातात आरसा आणि टेबलावर घालायच्या कापडाची पिशवी असते.

अ‍ॅक्रिलिकचे वजन तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी असते आणि ते सहजासहजी फुटत नाही, म्हणून प्रवासासाठी मी तेच पसंत करते. मात्र त्यावर चरे लवकर पडतात, आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास धूळ अधिकच ओढली जाते. मऊ ओले फडके आणि थोडे साबणाचे पाणी पुरते. स्पिरिट लावले तर त्यात बारीक तडे जाऊ शकतात.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हाताने केलेला दागिना हातात घेतल्याशिवाय त्याचे काम कळत नाही. पूर्वी कासार दारात यायचा तेव्हा बाईचा हात स्वतःच्या हातात घेऊनच बांगडी चढवायचा. मध्ये काच नसायची. तुमच्या पेटीने मागितलेला दागिना क्षणात गिऱ्हाइकाच्या तळहातावर पोहोचला पाहिजे. वर उघडणारे झाकण येथे आड येते, कारण ते उचलले की तुमच्या आणि समोरच्या बाईच्या मध्ये भिंत उभी राहते. म्हणून मी वरचे अ‍ॅक्रिलिक कायमचे बसवून घेतले आणि ट्रे मागच्या बाजूने ड्रॉवरसारखा बाहेर काढता येईल अशी सोय केली. कुलूपही मागेच आहे. चांदी आणि खरे मोती तेवढे पेटीत राहतात. कापडी, टेराकोटाचे आणि काचमण्यांचे दागिने बाहेर उघड्यावर, ज्याला हवे त्याने उचलून पाहावेत.

मला पुष्कळ ठिकाणी 6 फूट बाय 2 फुटांचे टेबल मिळते. त्यावर 2 फुटी तीन पेट्या बसतात, तरी मी दोनच मांडते आणि मधली जागा आरशासाठी आणि कानात डूल घालून पाहणाऱ्या हातांसाठी मोकळी ठेवते. पेटीची मागची बाजू 4 इंच उचललेली असावी. टेबल कमरेच्या उंचीचे असते, त्यामुळे सपाट पेटीवर गिऱ्हाइकाला ओणवे व्हावे लागते, शिवाय छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ नेमकी नथीवर उमटते.

अस्तराबाबत माझे नुकसान झाले आहे, म्हणून आग्रहाने सांगते. ट्रे घसरू नयेत म्हणून मी मखमलीखाली रबराची चटई घातली होती, आणि पावसाळ्यानंतर पाहिले तर कुड्यांची खालची बाजू काळी पडली होती. रबरात गंधक असते आणि चांदी काळवंडते ती गंधकानेच. लोकरीच्या नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचीही तीच भीती असते. आता मी धुतलेले सुती कापड वापरते, आणि प्रदर्शन संपले की चांदी पेटीतून काढून हवाबंद पिशव्यांत ठेवते. मोतीही कच्च्या लाकडाच्या बंद पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा मोत्याच्या चुन्याला बाधतात.

माझी सध्याची पेटी सुताराने केली आहे. बिजागऱ्या, कडी आणि मूठ पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून मी स्वतः निवडून आणली, आणि मूठ विकत घेण्याआधी 8 किलोची धान्याची पिशवी तिला अडकवून दुकानातच उचलून पाहिली. मापे हवी असल्यास प्रदर्शनात टेप घेऊन या. दुपारी जेवणाच्या वेळी गर्दी ओसरते, तेव्हा पेटी रिकामी करून दाखवीन.