मागाचा कॅम: अ‍ॅनिमेशन मस्त, पण खोटं

गेले तीन रविवार ह्यातच गेले बघा. बेळगावच्या वडगावात आमच्या घरामागं एका मामांचे पावरलूम आहेत, जुने धोट्याचे माग, दिवसभर खटाखट. त्यातला टॅपेट, म्हणजे सुताच्या चौकटी वरखाली करणारा कॅम (वाकड्या कडेची फिरती चकती), फ्रीकॅड ह्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून फिरवून बघायचा हे डोक्यात बसलंय. उद्यमबागेत दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं करायची आणि घरी येऊन परत तेच, बायको म्हणतीया येडा झालाय.

साधं विणकाम आहे, त्यामुळं टॅपेट शाफ्ट क्रँकच्या (मागाच्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या स्पीडनं फिरतो. मागाला मिनिटाला 180 पिक, म्हणजे धोट्याच्या खेपा, धरले तर कॅम 90 आरपीएम. एका फेऱ्यात दोन पिक, म्हणजे एकेकाला 180 अंश, त्यातले 60 अंश फ्रेम, म्हणजे सुताची चौकट, थांबायची (ह्यालाच ड्वेल म्हणतात), धोटा पार व्हायला वेळ नको का, आणि राहिलेल्या 120 अंशात वर नाहीतर खाली. दुसऱ्या फ्रेमचा कॅम तसलाच, 180 अंश फिरवून बसवलेला. मी मॉडेलला लिफ्ट (उचल) 80 मिमी, कॅमवर चालणारा रोलर 50 व्यासाचा आणि बेस सर्कलची, म्हणजे कॅमच्या सगळ्यात लहान वर्तुळाची, त्रिज्या 50 घेतली.

पहिलं अ‍ॅनिमेशन लई भारी झालं. पायथन मॅक्रोनं (छोट्या प्रोग्रॅमनं) अ‍ॅनिमेशनच्या दर चित्राला कॅम एक अंश फिरतोय, रोलर वरखाली होतोय, मी लगेच मोबाईलवर रेकॉर्ड करून मामांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, "अरे, तुझा रोलर लोखंडात घुसायलाय की रे."

खरंच घुसत होता! अंशागणिक काढलेल्या टेबलमधली त्रिज्या रोलरच्या सेंटरची, आणि मी तीच कॅमची कड म्हणून काढलेली. ती कड 25 मिमी आत ऑफसेट करायला पाहिजे होती. पण खरी गंमत पुढंच आहे, हे मला अ‍ॅनिमेशननं का सांगितलं नाही? कारण रोलर कॅमवर चालतच नव्हता, मी त्याला फॉर्म्युल्यानं हलवत होतो. कॅमच्या जागी बटाटा ठेवला असता तरी रोलर तसाच वरखाली झाला असता.

म्हणून आता दर चित्राला डिस्टटूशेप हे फ्रीकॅडचं अंतर मोजायचं फंक्शन वापरून रोलर आणि कॅममधलं अंतर काढतोय, आणि नुसता शून्य आला म्हणून खूश व्हायचं नाही, घुसला तरी शून्यच येतो, त्यामुळं दोन्ही शेपचा कॉमन भागपण तपासतोय. ऑफसेट केल्यावरसुद्धा पूर्ण जुळेना, थांबायच्या 60 अंशात कड थोडी फुगलेली. डिप्लोमाला टीओएमच्या (थिअरी ऑफ मशीन्सच्या) शीटवर 12 भाग करायची सवय ना, मी स्प्लाइनला, म्हणजे पॉइंटमधून जाणाऱ्या वळणदार रेषेला, 30-30 अंशाला पॉइंट दिलेले! आता 1 अंशाला पॉइंट, आणि ड्वेलच्या जागी स्प्लाइन नाहीच, थेट आर्क (वर्तुळाचा तुकडा). हा बदल नक्की करा, त्याच्याशिवाय थांबलेली फ्रेम थरथरती.

मोशनचं, म्हणजे फ्रेम कुठल्या नियमानं वरखाली करायची ह्याचं, अजून भांडण चालू आहे. मला सायक्लॉइडल हा प्रकार पाहिजे होता, सुरुवातीला आणि शेवटी प्रवेग शून्य, म्हणजे झटका नाही. पण ह्या मापात प्रेशर अँगल (कॅमचा रेटा चालीच्या दिशेपासून किती तिरका ते) 35 अंशापर्यंत जातोय आणि सरळ चालणाऱ्या फॉलोअरला (कॅम ज्याला ढकलतो त्या भागाला) 30 च्या आत ठेवतात. बेस 75 केला की 30 च्या आत येतोय, मात्र कॅम आडवा मोजला तर 230 मिमी, पार भाकरीएवढा. टेप घेऊन मागाखाली वाकून आलो, तिथं एवढी जागा नाही. एसएचएमला (साध्या आवर्त गतीला) बेस 50 वरच 29 अंश, जास्तीत जास्त प्रवेगपण कमी, साधारण 8 मीटर प्रति सेकंद वर्ग, सायक्लॉइडलला 10 च्या वर. फक्त ड्वेल संपला की एसएचएम एकदम दणका देतो. तरी सध्या एसएचएमच ठेवलाय, खटाखट आवाज तर माग करतोयच.

मागात फॉलोअर सरळ चालत नाही हो, रोलर ट्रेडल ह्या दांड्यावर आणि ट्रेडल पिव्हटवर (एका टोकाच्या खिळीवर), म्हणजे तो कंसात फिरतो. हे सगळे आकडे त्याला जसेच्या तसे लागणार नाहीत. परवा पिव्हटचं अंतर मोजायला गेलो तर करंट गेलेला, मामा चहा पीत बसलेले, माग बंद, म्हणजे मोजायला आयतीच सोय झाली. 3 मापं घेऊन आलोय, चौथं शाफ्टच्या मागं आहे, तिथं हात जात नाही.