पेटीचा काय दोष?

"काका, तुमची पेटी उतरलीये." गंगापूर रोडवरच्या एका दिवाणखान्यात आज अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड लागली होती. काकांनी सोबत पेटीवर पांढरी दोनचा सा धरला. जुळेना.

पेटी ठीक होती. चढी होती ती रेकॉर्ड!

मार्च 1959 च्या सत्रात मुख्य टेपयंत्र जरा हळू फिरत होतं. तीच टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढतात. त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे अनेक वर्षं चढेच विकले गेले. 1992 मध्ये दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप वापरून हे सुधारलं. दुसरी बाजू एप्रिलची, तिला काही झालेलं नाही.

तपासायचं असेल तर 'सो व्हॉट' हा पहिला तुकडा लावा. मुख्य धूनेतली पहिली 16 आवर्तनं (चार मात्रांचं एक, म्हणजे जॅझवाल्यांचे बार) पांढरी दोनच्या सा वर, जवळपास आपला काफी थाट. पुढची 8 काळी दोनवर. पहिल्याच भागात सा या दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळला, तर प्रत जुन्या टेपची. मात्र आधी पेटी ट्यूनरवर बघून घ्या, आणि टर्नटेबलचा वेगही.

विकत घेताना मी सुधारलेलीच घ्या म्हणेन. जुनीची सवय झालेल्यांना ती थोडी मंद वाटते खरी.

तुमच्याकडची कुठली निघाली?