तेरड्याच्या देठातलं पाणी

गौर आणायच्या आदल्या दुपारी माहेरी पोचले, तेव्हा ओटीवर तेरड्याची जुडी पडलेली होती. वहिनीने सकाळीच सड्यावरून उपटून आणलेली. रोपांनी माना टाकल्या होत्या. मुळांची माती धुऊन मी जुडी बादलीत उभी केली आणि जेवायला बसले. जेवणं आटोपून, जराशी पडून उठते तो सगळी रोपं ताठ.

"आत्या, हिला उभं कुणी केलं?" भाचीने विचारलं.

पाण्याने केलं. तेरड्याच्या देठात लाकूड म्हणावं असं फारसं नसतंच. एकेक पेशी पाण्याने टम्म फुगते, शेजारणीला रेटते, आणि त्या रेट्यावर रोप उभं राहतं. हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखं. पाणी उतरलं की ते बसतं.

भाचीला ते पाणी चढताना बघायचं होतं. परसातलं पांढऱ्या फुलांचं एक रोप घेतलं, देठ बादलीच्या पाण्यात बुडवूनच कापला आणि लाल शाईच्या पेल्यात ठेवला. पाण्यातच का, असं बाबांनी विचारलं. बाहेर कापला तर नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते, म्हटलं. "म्हणजे मोटारीने हवा धरावी तसंच की!" बाबा म्हणाले. अगदी तसंच.

तासाभराने देठ उजेडात धरला. तेरड्याचा देठ जवळजवळ काचेसारखा. आत लाल रेघा वर चढलेल्या स्पष्ट दिसत होत्या. ब्लेडने आडवी चकती कापली, तर कडेकडेने लाल ठिपक्यांचं कडं आणि मधला गाभा कोरा. शाई सगळीकडे पसरली नव्हती, ठरलेल्या वाटेनेच गेली होती. त्या वाटा म्हणजे जलवाहिन्या.

शाळेत मी त्यांची आकृती कितीदा काढली असेल. पण या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, हे मला फार उशिरा उमगलं. पेशी मरते, आतून रिकामी होते, उरतात त्या भिंती. भिंतींवर आतून कडी, वेटोळी चढवलेली असतात, लिग्निन नावाच्या टणक द्रव्याची. ती कशाला, ते विहिरीवरचा पाईप पाहिला की कळतं. बागेत पाणी सोडायचा पाईप चपटा गुंडाळता येतो; सक्शनचा मात्र वेटोळ्यांचा आणि कडक लागतो, नाहीतर ओढीने आत चेपेल. झाडातही पाणी ओढलंच जातं. पानांतून वाफ जाते, त्या जागी खालचं पाणी खेचलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे मुळापर्यंतची अख्खी धार वर सरकते. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी हे 1894 साली मांडलं.

सक्शनचा पंप दहा मीटरच्या खालून पाणी उचलूच शकत नाही, प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच दमतो. आणि आमच्या मागचा माड वीस मीटरच्या वर गेलाय, तरी शेंड्याच्या शहाळ्यात पाणी आहे! सागासारख्या झाडात तर याच नळ्यांचं वर्षानुवर्षं लाकूड होतं. जे पाणी नेतं, तेच खोडाला तोलून धरतं. मला हे दरवेळी नव्याने थक्क करतं.

सकाळी भाचीने मला हलवून उठवलं. पांढऱ्या पाकळ्यांत केसासारख्या बारीक लाल शिरा उमटल्या होत्या. हे रोप गौरीत चालेल का, म्हणून ती आईकडे धावली. आईने ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि जुडीच्या मधोमध बांधलं.